मोजणी

वडील मोजणी खात्यात होते.
साखळी ओढत गावोगाव हिंडले,
बांधावरची भांडणं फुटा-इंचात मिटवली,
काही वाढवलीही.
त्यांची साखळी माझ्याकडे आली नाही.
माझ्याकडे सायकल आहे, अठ्ठावीस इंची,
आणि मागच्या चाकाच्या तारेला बांधलेली लाल चिंधी.
चिंधी एकदा वर जाऊन खाली आली
की सव्वासात फूट.

रविवारी पहाटे साडेपाचला
बालाजीनगरहून स्वारगेटच्या दिशेने निघाले,
सायकल ट्रॅक मोजत.

पहिले एकोणीस फेरे नीट.
मग जमिनीवर रंगवलेली पांढरी सायकल
आणि तिच्यावर कुणीतरी ओतलेली वाळू.
हँडल तेवढं बाहेर,
बुडणाऱ्याच्या हातासारखं.
एकतिसाव्या फेऱ्याला डीपी.
बावन्नाव्याला रिक्षा, आत झोपलेला माणूस.
त्याला उठवलं नाही.
साठाव्यापासून फर्निचरचं दुकान,
प्लॅस्टिकखाली सोफे, साखळीने एकमेकांना बांधलेले.
(आप्पा, बघा, साखळी सापडली.)
पुढे ट्रॅक फूटपाथवर चढतो, चार पायऱ्या.
पायऱ्या!
सायकल खांद्यावर घेतली.
खांद्यावरचे फेरे धरले नाहीत.

चौकात हिरवा माणूस अकरा सेकंद पेटतो
आणि पेटल्यापासून पळतच असतो.
आमच्या खळदकर काकूंना दोन्ही गुडघ्यांसकट
पलीकडे जायला सव्वीस लागतात.
मधले पंधरा सेकंद
कुणाच्या सातबाऱ्यावर आहेत?

चारशे अठराव्या फेऱ्याला उतरले.
इथे ट्रॅक नाही, नुसत्या उभ्या मोटारी.
इथे गुंडेराव वाघमोडे,
आमच्या इमारतीची रात्रपाळी संपवून,
डबा हँडलला अडकवून घरी चालले होते.
फोनवर बोलता बोलता कुणीतरी दार उघडलं,
मागे न बघता.
मागून बस होती.
पंचनाम्यात लिहिलंय,
सायकलस्वाराचा तोल गेला.

तशाच एका मोटारीचं दार मी नंतर मोजलं.
उघडल्यावर तीन फूट दोन इंच.
एवढी जागा सोडून एक पट्टा आखला असता
तर गुंडेराव त्या दिवशी
घरी जाऊन झोपले असते,
आणि दुपारी उठून, नेहमीसारखं,
चहात साखर कमी म्हणून कुरकुरले असते.

नकाशा काढला. अर्ज जोडला.
खिडकीतल्या कारकुनाने विचारलं,
मोजणी कशाने केली?
चाकाने, म्हटलं.
असं ग्राह्य धरत नाहीत, म्हणाला,
आणि शिक्का शोधू लागला.
मग मान वर न करता, हळूच,
त्या डीपीला कितवा फेरा म्हणालात?
आमची पोरं तिथूनच जातात शाळेला.

सायकल पार्किंगमध्ये तशीच उभी होती,
पुढचं चाक नवं घालून.
वर्गणी काढली होती सगळ्यांनी,
लाज वाटून असेल.
वाघमोडेबाई म्हणाल्या, विकून टाकू.
नववीतली आश्लेषा काही बोलली नाही.
माझ्याकडे पान्हा मागितला.
बोल्ट सैल केला, सीट दाबली, दोन इंच खाली,
आणि वडिलांच्या उंचीची जी खूण
सीटच्या दांडीवर गंजाने कोरली होती
ती नळीच्या आत गेली.
घट्ट आवळलं तिनेच.

आता ती रोज सव्वासहाला निघते.
बसच्या पुढे, मोटारींपासून
बरोबर तीन फूट दोन इंच सोडून.
पाठून हॉर्न वाजतात.
ती सरकत नाही.
मी गॅलरीतून बघते, चहा निवतो.

तिच्या चाकालाही एक चिंधी बांधून दिलीय, पिवळी.
तू नको मोजूस गं, म्हटलं, तू नुसती जा.
मोजते.
संध्याकाळी खालूनच ओरडून आकडा सांगते,
आणि मी वहीत लिहून घेते,
तारीख घालून.